पीए करताना सोबत एमपीएचही करावं का? (तीन आठवड्यांत ठरवायचंय)

उंबरठ्यावर | धागालेखिका

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. शुद्धलेखन सांभाळून घ्या, माझी मराठी शाळा चौथीपर्यंतच झाली.

मी इथे अमेरिकेत पीए स्कूलला आहे. पहिलं वर्ष, म्हणजे सध्या सगळं वर्गातलंच, रोटेशन्स (हॉस्पिटल-क्लिनिकमधलं प्रत्यक्ष काम) नंतर. कोर्स २७ महिन्यांचा. आता कॉलेजने विचारलंय की ज्यांना मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ, म्हणजे एमपीएच, जोडून करायचंय त्यांनी तीन आठवड्यांत कळवा. केलं तर साधारण एक वर्ष वाढेल, फी अर्थातच वेगळी. वर्गातल्या सहाजणांनी नावं दिली. मी अजून फॉर्म उघडते आणि बंद करते.

मला का करावंसं वाटतंय ते सांगते. पीए स्कूलच्या आधी दोन वर्षं मी एका कम्युनिटी क्लिनिकमध्ये मेडिकल असिस्टंट होते. वजन, उंची, बीपी, आणि लहान मुलांच्या बोटाला टोचून रक्तातल्या शिशाची टेस्ट. टोचण्याआधी मुलाचा हात साबणाने नीट धुवावा लागतो, नाहीतर त्वचेवरच्या धुळीतलं शिसं थेंबात उतरतं आणि आकडा खोटा येतो. तर मी हात धुवायचे, मूल रडायचं, मी टोचायचे, लेबल चिकटवायचे. एकदा आठवड्यातलं तिसरं लेबल चिकटवताना दिसलं की पत्ता तोच आहे, फक्त फ्लॅट नंबर वेगळा. आकडे होते ७, ९ आणि ११. सीडीसीची, म्हणजे इथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेची, रेषा एका डेसिलिटर रक्तात ३.५ मायक्रोग्रॅमवर आहे. शिरेतून पुन्हा रक्त घेतलं, तरी तेच.

आमच्या पीएने तिन्ही आयांना बसवून समजावलं. लोह, कॅल्शियम, खिडकीच्या चौकटी ओल्या फडक्याने पुसा, अमुक महिन्यांनी परत या. सगळं बरोबर होतं. पण बिल्डिंगला कोण औषध देणार? तेव्हापासून डोक्यात आहे की मला नुसता पेशंट नाही, त्याच्या मागचं दिसायला हवं. आता वाटतंय की हे खरंच डिग्रीचं काम आहे, की मी एका अनुभवावर भावनेच्या भरात एक वर्ष आणि चाळीसेक हजार डॉलर उधळायला निघालेय?

अनुभवी लोकांनी स्पष्ट सांगावं. गोड बोलू नका.


हातोडा

आधी एक बाळबोध प्रश्न. पीए म्हणजे पर्सनल असिस्टंट ना? त्याला २७ महिने कशाला लागतात? साहेबाचं कॅलेंडर एवढं अवघड असतं?


रात्रपाळी

हातोडा, माझ्या सासूबाई अजून नातेवाइकांना सांगतात की जावई "डॉक्टरांच्या हाताखाली" असतो, तेव्हा तुम्हाला माफ.

फिजिशियन असिस्टंट. व्हिएतनाम युद्धाच्या काळात नौदलातून परतलेले वैद्यकीय जवान होते, हाताला सवय होती पण नागरी आयुष्यात पदवी नाही. आणि खेड्यापाड्यात डॉक्टर मिळत नव्हते. १९६५ मध्ये ड्यूक युनिव्हर्सिटीत डॉ. यूजीन स्टेड यांनी अशा चार जवानांना घेऊन पहिली बॅच सुरू केली. आज आम्ही पेशंट तपासतो, निदान करतो, औषधं लिहून देतो, टाके घालतो, ऑपरेशनला मदत करतो. डॉक्टरशी नातं कसं असावं ते प्रत्येक राज्याचा कायदा ठरवतो. २०२१ मध्ये आमच्या संघटनेने, एएपीएने, नाव बदलून फिजिशियन असोसिएट करायचं ठरवलं. असिस्टंट शब्दामुळे तुमच्यासारखेच प्रश्न येत होते म्हणून.

आता धागालेखिकेला. मी ११ वर्षं इमर्जन्सीत आहे. गोड बोलू नका म्हणालीस म्हणून सरळ सांगतो: करू नकोस. आत्ता तरी नको.

कारण एक. तुझा परवाना पॅन्स परीक्षेवर मिळतो. ३०० प्रश्न, साठ-साठचे पाच गठ्ठे. त्यात एमपीएचचा फारसा उपयोग नाही. कारण दोन. नोकरीच्या मुलाखतीत मला आजवर एकानेही विचारलं नाही की तुला बायोस्टॅटिस्टिक्स (आरोग्याचं संख्याशास्त्र) येतं का. विचारतात ते हे, की रात्री तीनला सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत नळी) टाकता येते का. कारण तीन. पहिली दोन वर्षं नोकरीत तू इतकी दमशील की जे शिकलीस ते वापरायला सुचणारही नाही, आणि तिसऱ्या वर्षी ते विसरलेली असशील.

पगाराबद्दलही ऐक. २०२३ च्या सरकारी आकड्यांत पीएंचा मधला वार्षिक पगार १,३०,०२० डॉलर होता. एपिडेमिऑलॉजिस्टचा, म्हणजे रोग लोकांत कसे पसरतात ते अभ्यासणाऱ्याचा, ८१,३९०. म्हणजे दुसरी डिग्री घेऊन तू ज्या बाजारात शिरायचं म्हणतेस तिथे भाव कमी आहे. चढाची वाट नाही ही, उताराची आहे.


पिंपळपान

+१ रात्रपाळी.


काकांचा_सल्ला

मला एक कळत नाही. एवढी वर्षं आणि एवढे पैसे घालवायचेच आहेत तर मुलीने सरळ एमडी करून डॉक्टरच का होऊ नये? पीए अधिक एमपीएच म्हणजे दोन अर्ध्या भाकऱ्या. पूर्ण एक घ्या.


उंबरठ्यावर

काका, हा प्रश्न माझ्या घरी दर दिवाळीला फराळाबरोबर येतो. उत्तर हेच, की मला पीए-च व्हायचं होतं. स्पेशालिटी बदलता येते, तिशीच्या आत काम सुरू होतं, आणि क्लिनिकमध्ये ज्या बाईंना बघून मी या वाटेला लागले त्या पीए होत्या. मेडिकलला नंबर लागला नाही म्हणून नव्हे. 🙂


काकांचा_सल्ला

बरं बाई. विचारायचं काम केलं.


नकाशेवाला

मी दुसऱ्या तीरावरचा. फक्त एमपीएच, एपिडेमिऑलॉजी, नऊ वर्षं एका काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, आरोग्य खात्यात. पेशंटला हात लावायचा परवाना नाही आणि मला रक्त बघून चक्कर येते, म्हणून हे निवडलं.

उंबरठ्यावर ताई, तुमची शिशाची गोष्ट वाचली आणि पहिला प्रश्न मनात आला तो डिग्रीचा नव्हता. बिल्डिंग कोणत्या साली बांधलेली? हे पुढे कधीतरी सांगा. (पत्ता मात्र इथे लिहू नका.)

आता माझं काम प्रत्यक्षात कसं असतं ते सांगतो, कारण एमपीएचची जाहिरात करणाऱ्या पानांवर लोक नेहमी हेल्मेट घालून कुठल्यातरी नदीकाठी उभे असतात. माझा दिवस असा: सकाळी लॅबकडून आलेले रिपोर्ट उघडायचे. त्यात एकच माणूस तीन स्पेलिंगनी तीनदा आलेला असतो, तो एक करायचा. जन्मतारखेच्या रकान्यात कोणीतरी फोन नंबर टाकलेला असतो. मग फोन. "साल्मोनेला झाला तेव्हा आदल्या तीन दिवसांत काय खाल्लं होतंत?" माणूस म्हणतो, "काल काय खाल्लं तेच आठवत नाही." दुपारी सगळं आर नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत घालून तक्ते काढायचे. संध्याकाळी मीटिंग, जिथे साहेब विचारतात की आलेख निळ्याऐवजी हिरवा करता येईल का.

पण या कंटाळवाण्या कामातून एक नजर येते, आणि ती क्लिनिकमध्ये सहसा मिळत नाही. पाचवीचं गणित आठवा: अंश आणि छेद. क्लिनिकमध्ये बसलेल्याला फक्त अंश दिसतो. आज माझ्याकडे तीन मुलं आली. कितींपैकी तीन? न आलेली किती? कोणाची टेस्टच झाली नाही? माझी सगळी नोकरी छेद शोधण्याची आहे. रात्रपाळी म्हणतात तसं बायोस्टॅट कोणी मुलाखतीत विचारणार नाही, मान्य. पण छेद न विचारता केलेली धावपळ मी रोज पाहतो. एखाद्या क्लिनिकचा फोन येतो की आमच्याकडे यंदा सिफिलिस दुप्पट झालाय. विचारलं की कळतं, टेस्टही दुप्पट केल्यात.

यासाठी ४२ क्रेडिट लागतात का? (सेफ, म्हणजे पब्लिक हेल्थच्या कोर्सना मान्यता देणारी संस्था, तिच्या मान्यतेसाठी एमपीएचला किमान तेवढे लागतात.) प्रामाणिकपणे, छेदाची सवय दोन चांगल्या कोर्समध्ये लागते. एक एपिडेमिऑलॉजी, एक बायोस्टॅट. उरलेल्यात पॉलिसी, पर्यावरण, समाजशास्त्र, व्यवस्थापन. वाईट नाही, पण तुमच्या तिसऱ्या लेबलसाठी अनिवार्यही नाही.


बिनपाण्याची_नदी

फ्लिंट विसरलात का सगळे? मिशिगनमधलं फ्लिंट. २०१४ च्या एप्रिलमध्ये शहराचं पाणी बदललं, आणि २०१५ च्या सप्टेंबरमध्ये डॉ. मोना हॅना-अटिशा यांनी पत्रकारांसमोर आकडे ठेवले: रक्तात जास्त शिसं असलेल्या मुलांचं प्रमाण जवळपास दुप्पट झालंय (नंतर छापलेल्या अभ्यासात २.४ वरून ४.९ टक्के). सरकारी लोक आधी त्यांनाच खोटं ठरवायला निघाले होते. त्या बालरोगतज्ज्ञ तर आहेतच, पण एमपीएचही आहेत. पेशंट बघणारी व्यक्ती आणि छेद बघणारी व्यक्ती एकच असली की काय होतं त्याचं याहून मोठं उदाहरण कुठलं?


रात्रपाळी

उदाहरण चांगलंय, पण ते तुमच्याच विरुद्ध जातं. त्यांना पाण्याबद्दल पहिल्यांदा सावध केलं ते त्यांच्या एका शाळामैत्रिणीने, जी पाण्याची इंजिनिअर होती. पाण्यातल्या शिशाचं मोजमाप व्हर्जिनिया टेकच्या मार्क एडवर्ड्स यांच्या चमूने केलं. म्हणजे एका माणसाच्या दोन डिग्र्यांनी नव्हे, तर तीन वेगळ्या लोकांनी एकमेकांचे फोन उचलल्याने ते झालं.


नकाशेवाला

दोघंही अर्धे बरोबर. फोन उचलले म्हणून झालं, आणि आकडे टिकले ते अभ्यास नीट रचला होता म्हणून. आधीचे महिने, नंतरचे महिने, शहराचं पाणी पिणारी मुलं आणि बाहेरची मुलं, अशी तुलना होती. ती तुलना मांडायला शिकलेलं डोकं लागतं. नुसत्या "माझ्या क्लिनिकमध्ये वाढलंय" या वाक्यावर सरकारने त्यांना एका दुपारीत गुंडाळलं असतं.


चोपडी

मी व्यवसायाने हिशेबनीस, त्यामुळे रक्त, शिसं, पाणी यातलं काही कळत नाही. कर्जाचं कळतं. ते इथे कोणी बोललेलं नाही म्हणून थोडं लांबण लावतो.

४ जुलै २०२५ ला सही झालेल्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस लोन बंद. हे लोन कॉलेजच्या पूर्ण खर्चाइतकं मिळायचं, त्यावरच लोक दोन-दोन डिग्र्या करत होते. नव्या नियमांत साध्या ग्रॅज्युएट (पदवीनंतर पुढे शिकणाऱ्या) विद्यार्थ्याला वर्षाला २०,५०० डॉलर आणि एकूण १,००,००० डॉलर एवढीच केंद्र सरकारची उधारी. "प्रोफेशनल" गटात बसणाऱ्यांना वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,०००. शिक्षण खात्याच्या २०२५ च्या मसुद्यातल्या प्रोफेशनल यादीत मेडिसिन, डेंटल, फार्मसी, कायदा वगैरे होते. पीए नव्हतं आणि पब्लिक हेल्थही नव्हतं. लाखाची मर्यादा पीए कोर्सच खाऊन टाकतो. मग एमपीएच कशावर? खाजगी बँकेच्या लोनवर, जिथे पब्लिक सर्व्हिसची (सरकारी किंवा सेवाभावी नोकरीतल्यांना मिळणारी) कर्जमाफी चालत नाही.

जे आधीपासून कोर्सला आहेत आणि ज्यांनी त्या कोर्ससाठी लोन घेतलंय त्यांना जुने नियम काही काळ लागू राहतात: तीन शैक्षणिक वर्षं किंवा कोर्सचा उरलेला काळ, जे कमी असेल ते. ही सूट चालू कोर्ससाठी आहे. मध्येच दुसरी डिग्री जोडली तर ती त्याच कोर्सचा भाग धरणार की नवा कोर्स, हे फायनान्शियल एड ऑफिसकडून लेखी घ्या. ईमेलवर. तोंडी "डोन्ट वरी" चालणार नाही. माझ्या भाचीला एका कॉलेजात असंच तोंडी सांगितलं होतं, सेमिस्टर सुरू झाल्यावर बिल आलं.

आता आकडा. धरा ४०,००० डॉलर फी. २०२५-२६ चा ग्रॅज्युएट अनसब्सिडाइज्ड (शिकत असतानाही व्याज चढणाऱ्या) सरकारी लोनचा व्याजदर ७.९४ टक्के. पहिल्या वर्षाचं नुसतं व्याज ३,१७६ डॉलर. पण खरा खर्च तो नाहीच. खरा खर्च आहे एक वर्ष उशिरा सुरू होणारा पगार. नवख्या पीएला मधला पगार मिळणार नाही, तरी लाखाच्या आसपास धरा. म्हणजे ही ४० हजारांची डिग्री नाही, दीड लाखाच्या जवळपासची आहे. दीड लाखात काय येतं ते स्वतःला विचारा, मग फॉर्म उघडा.


उंबरठ्यावर

चोपडी, धन्यवाद. मी खरंच फक्त फीच धरली होती. पगाराचं वर्ष डोक्यातच आलं नाही. उद्या ईमेल टाकते.


हातोडा

हिशेबनीस लोक लग्नात आहेराचंही असंच करतात का?


चोपडी

हो. आणि जेवणाचं ताट वजा करून.


जोडनाव

उशिरा आले. मी पीए-एमपीएच. जोड कोर्स केलेली, सहा वर्षांपूर्वी बाहेर पडले. सध्या एका टीबी क्लिनिकमध्ये. वर दोन्ही बाजूंनी बोललं गेलंय ते बाहेरून आहे, मी आतून सांगते.

आधी हे, की सगळे जोड कोर्स सारखे नसतात. काही ठिकाणी दोन्ही एकाच दोरीत वळलेले असतात. टूरो युनिव्हर्सिटी कॅलिफोर्नियात प्रत्येक पीए विद्यार्थी एमपीएच घेऊनच बाहेर पडतो. जॉर्ज वॉशिंग्टन, एमरी अशा ठिकाणी जोड पर्याय आहे. आणि काही ठिकाणी जोड नावालाच असते: दोन वेगळे कोर्स, दोन वेगळी ऑफिसं, आणि मध्ये तू, फॉर्म घेऊन फिरतेस. माझं कॉलेज या तिसऱ्या जातीचं होतं. पीएवाल्यांना एमपीएचची परीक्षा कधी आहे माहीत नसायचं आणि उलटही. एकदा दोन्हीकडची उपस्थिती एकाच सकाळी सक्तीची निघाली. शेवटी कोणाचा राग कमी महाग पडेल ते पाहून गेले.

सगळ्यात मोठी चूक मात्र क्रमाची झाली. माझं एमपीएचचं वर्ष क्लिनिकल रोटेशन्सच्या नंतर आलं, आणि पॅन्स त्याच्याही नंतर. रोटेशनमध्ये बोटांवर असलेलं सगळं, औषधांचे डोस, ईसीजी, वर्षभर सर्वेक्षणाच्या प्रश्नावल्या लिहिता लिहिता गळून गेलं. मी पॅन्सला पहिल्यांदा नापास झाले. हे मी फार लोकांना सांगत नाही. सहा वर्षांत सहा संधी असतात, दुसऱ्यांदा सुटले. पण ते मधले महिने मला विचारू नका. तेव्हा करायचंच असेल तर एमपीएच आधी, किंवा पॅन्स देऊन झाल्यावर. मध्ये कधीच नाही. तुझ्या कॉलेजात वर्ष कुठे घुसवतात हे पहिलं विचार.

आता डिग्री उपयोगी पडली का? टीबी क्लिनिकमध्ये हो, रोज. आमच्याकडे सुप्त टीबीच्या लोकांना आठवड्यातून एकदा असे १२ डोस देतात. बारा आठवडे, म्हटलं तर सोपं. पहिल्या वर्षी मी नुसती बसून चार्ट चाळले की लोक कितव्या डोसला गळतात. वाटत होतं की शेवटी, कंटाळून. निघालं तिसऱ्या-चौथ्याला. का? पहिला महिना संपला की बऱ्याच जणांची शिफ्ट बदलायची आणि आमचं क्लिनिक फक्त सकाळी उघडं. आम्ही एक संध्याकाळ उघडी ठेवली. एवढंच. कुठलंही नवं औषध नाही. हे एमपीएचशिवाय सुचलं असतं? कदाचित. पण ती यादी मांडून मोजावी, हा खाजवणारा किडा मला तिथेच चावला.

रात्रपाळी, तुम्ही इमर्जन्सीतले. तुमच्याकडे येणारा माणूस परत दिसत नाही, आमचा बारा आठवडे दिसतो. त्यामुळे तुमचं "उपयोग नाही" तुमच्या खोलीपुरतं खरं आहे.


रात्रपाळी

हे मानलं. आणि पॅन्सचं सांगितलंत त्याबद्दल आदर. आमच्याकडे नापास झालेला माणूस लोणच्यासारखा बरणीत बंद करून ठेवतात, कोणी बोलत नाही.


बिनपाण्याची_नदी

एक ठोस जागा जिथे डिग्री दार उघडते: सीडीसीची एपिडेमिक इंटेलिजन्स सर्व्हिस. १९५१ मध्ये अलेक्झांडर लँगम्यूर यांनी सुरू केलेली दोन वर्षांची नेमणूक, "रोगांचे गुप्तहेर" म्हणतात त्यांना. डॉक्टरला तिथे एमपीएचशिवाय अर्ज करता येतो. पीए, नर्स यांना मात्र एमपीएच किंवा तत्सम पदवी लागतेच. धागालेखिकेला असं काही करायचं असेल तर मग प्रश्नच मिटला.


नकाशेवाला

दार आहे, पण दारामागची खोली बघूनच सांगा. २०२५ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या आरोग्य खात्याने १०,००० पदं कमी करण्याची घोषणा केली, त्यात सीडीसीची सुमारे २,४०० होती. माझ्या ओळखीचे अनुभवी लोक तेव्हा नोकऱ्या शोधत होते, आणि काउंटीच्या एका जागेला त्यांचे अर्ज आले. नवख्या एमपीएचवाल्याची त्यांच्याशी स्पर्धा. पीएचा परवाना हातात असलेल्याला निदान पोटाची चिंता नाही, हे ताईंचं बळ आहे. क्लिनिकचं काम चालू ठेवून ही वाट धरता येते, उलट नाही.


समई

मी नर्स आहे, पीए नाही, तरी लिहिते. आमच्या हॉस्पिटलने माझी एमपीएचची बहुतेक फी भरली. ऑनलाइन, दर सेमिस्टरला एक विषय, चार वर्षं लागली. मुलं झोपली की जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप. फायदा असा की सोमवारी वाचलेलं मंगळवारी वॉर्डात दिसायचं. इन्फेक्शन कंट्रोलवर असाइनमेंट होती, मी आमच्याच वॉर्डातले कॅथेटरचे (पेशंटच्या शरीरात घातलेल्या नळीचे) दिवस मोजले. विद्यार्थी असताना केलं असतं तर पुस्तकातला वॉर्ड मोजला असता.

तोटाही सांगते. चार वर्षं एकाही लग्नाला नीट गेले नाही, नवरा कुकर लावायला शिकला ही जमेची बाजू.


पिंपळपान

सर्टिफिकेटचं कोणी बोललं नाही. बऱ्याच विद्यापीठांत पब्लिक हेल्थचं ग्रॅज्युएट सर्टिफिकेट असतं, चार-पाच विषयांचं. पुढे एमपीएच केलं तर अनेक ठिकाणी ते क्रेडिट धरतात. पाण्यात पाय घालून बघायला ठीक.


रात्रपाळी

पिंपळपान, हे तुझं या धाग्यावरचं +१ नसलेलं पहिलं वाक्य. अभिनंदन.


संपादक

अवांतर थोडं आवरा. धागालेखिकेला मुदत आहे.


उंबरठ्यावर

मंडळी, अपडेट. दहा दिवसांनी लिहितेय, मध्ये फार्माकॉलॉजीची परीक्षा होती.

फायनान्शियल एडचं उत्तर लेखी आलं. आमच्याकडे एमपीएच हा वेगळा कोर्स धरतात. म्हणजे चोपडी म्हणाले तसंच. जोडनाव, तुमचा प्रश्नही विचारला. वर्ष रोटेशन्सनंतर आणि पॅन्सच्या आधी. डायरेक्टर बाईंना विचारलं की ते आधी घेता येईल का, तर त्या म्हणाल्या, "ऑन पेपर, येस." मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि पुढे विचारलं नाही.

सोबत आणखी एक विचारलं, जे या धाग्यामुळे सुचलं. माझं एक इलेक्टिव्ह (स्वतः निवडायचं) रोटेशन काउंटीच्या आरोग्य खात्यात करता येईल का? याला मात्र त्या खुर्चीत पुढे सरकून बसल्या. टीबी आणि एसटीडी (लैंगिक आजारांचं) क्लिनिक तिथेच आहे, प्रिसेप्टर (तिथे शिकवणाऱ्या) पीए आहेत, आजवर फार कोणी मागितलं नव्हतं म्हणे. सहा आठवडे. पैसे एकही जास्त नाहीत.

फॉर्म मी भरला नाही. सर्टिफिकेटचा पत्ता काढून ठेवलाय, पॅन्सनंतर बघेन. घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, "म्हणजे एमडी नाही आणि हेही नाही." काका, तुमचा आणि त्यांचा परिचय करून द्यायला हवा.


काकांचा_सल्ला

नंबर पाठव. 😀


जोडनाव

चांगलं केलंस. टीबी क्लिनिकमध्ये पहिल्या दिवशी मास्क बसतो की नाही ते तपासून घे, दाढीवाल्यांना त्रास होतो, तुला नाही होणार. आणि फोनवर बोलायची तयारी ठेव. अर्धं काम फोनवर आहे.


नकाशेवाला

ताई, माझा प्रश्न राहिलाच. बिल्डिंग कोणत्या सालची? अमेरिकेत घरांच्या रंगातलं शिसं १९७८ मध्ये बंद झालं. त्याच्या आधीची असेल तर खिडकीच्या चौकटींवर पहिला संशय. हे काउंटीच्या मालमत्तेच्या वेबसाइटवर कोणालाही फुकट दिसतं, डिग्री लागत नाही. आणि दुसरं: मेडिकेडवरच्या (कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी आरोग्य विम्यातल्या) मुलांची शिशाची टेस्ट १२ आणि २४ महिन्यांना व्हायलाच हवी असा नियम आहे. तिथे सहा वर्षांखालची मुलं किती, आणि टेस्ट किती जणांची झाली?


उंबरठ्यावर

साल बघितलं. १९३१.

दुसऱ्या प्रश्नासाठी माझ्या जुन्या पीए बाईंना फोन केला. मी आता तिथे नोकरीला नाही, मला चार्ट बघता येत नाही, म्हणून त्यांनी स्वतः पत्त्यावरून शोधलं. नावं मला सांगितली नाहीत, फक्त आकडे. त्या पत्त्यावरची सहा वर्षांखालची सात मुलं आमच्याच क्लिनिकला येतात. टेस्ट झालेली तीन.

बाकीच्या चौघांच्या घरी त्या उद्या सकाळी फोन करणार आहेत.